डू नॉट स्केल

भाचीनं एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर उघडून धरलं आणि विचारलं, "मामा, हे तुझ्या ऑफिसातलं ड्रॉइंग वाटतं की नाही?"

२०१२ चा पावसाळा होता. ती विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये प्रिंटमेकिंग शिकत होती, आणि पाऊस लागला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी मुक्कामाला यायची, कारण तिच्या सोसायटीचा रस्ता तुंबायचा. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. चष्मा लावून पाहिलं. काळ्या शाईच्या आडव्या रेघा, खाली दाट, वर जाताना विरळ. त्यांना छेदून जाणाऱ्या काही तिरक्या. काही इतक्या बारीक की छपाईत जेमतेम तगलेल्या.

माझं बोट आपोआप पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात गेलं. सदतीस वर्षं कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की डोळा आधी तिथं जायचा. तिथं टायटल ब्लॉक असतो. कशाचं ड्रॉइंग, कोणत्या प्रमाणात, कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणत्या तारखेला. इथं कोपरा कोरा होता.

"हे अपुरं राहिलंय," मी म्हणालो.

"पुरं आहे, मामा. त्या बहुतेक कशालाच नाव द्यायच्या नाहीत. तारीखसुद्धा नाही."

"त्या कोण?"

"नसरीन मोहमदी. आमच्या फॅकल्टीत शिकवायच्या. इथंच, बडोद्यात."

मी ड्राफ्ट्समन. आजोबा साताऱ्याकडून गायकवाडांच्या नोकरीत आले आणि त्यांनी माझ्या वडलांना कलाभवनात घातलं. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं हे कलाभवन. दादासाहेब फाळके जे. जे. नंतर इथंच शिकायला आले होते. वडील तिथं नकाशे काढायला शिकले, आणि त्यांचीच कंपासपेटी घेऊन मी १९७४ मध्ये एका खासगी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली होती, मागोमाग खतांचे आणि पेट्रोकेमिकल्सचे कारखाने उभे राहत होते, आणि त्या सगळ्यांना हीट एक्स्चेंजर, म्हणजे एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रं, लागायची. आम्ही ती बनवायचो.

हीट एक्स्चेंजरमध्ये ट्यूबशीट नावाची जाड गोल पाटी असते. तिला शेकडो भोकं, प्रत्येक भोकात एक नळी. नळीचा बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर असला तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमध्ये ३२ मिलिमीटर, आणि मांडणी त्रिकोणी, ६० अंशांची. म्हणजे आधी आडव्या रेघांचं जाळं, मग एका अंगाच्या तिरक्या, मग दुसऱ्या अंगाच्या, आणि तिन्ही जिथं एकमेकींना भेटतात तिथं कंपासचं टोक. सगळी भोकं काढायची खरं तर गरज नसते, थोडी काढून संख्या लिहिली की भागतं. पण आमच्या हेड ड्राफ्ट्समननी पहिली दोन वर्षं मला सगळी काढायला लावली. हात बसावा म्हणून.

रेघांच्या जाड्या ठरलेल्या होत्या. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७. प्रत्येक जाडी मागच्या जाडीच्या साधारण १.४ पट. कागदांचे आकारही त्याच पटीत, म्हणून ए-वन कागदावरचं ड्रॉइंग ए-टूवर लहान केलं की ०.५ ची रेघ ०.३५ ची होऊन बसते, सगळं प्रमाणात राहतं. जाड रेघ म्हणजे वस्तूची कड. बारीक म्हणजे मापाची. तुटक म्हणजे आड दडलेली कड. एक लांब एक आखूड अशी म्हणजे मध्यरेषा. ४५ अंशांत जवळजवळ मारलेल्या बारीक रेघा म्हणजे वस्तू तिथं कापून दाखवली आहे. रेघ कधी नुसती रेघ नसायची, ती कोणाची तरी असायची.

आणि आमच्या प्रत्येक कागदावर छापलेलं असायचं, ‘डू नॉट स्केल’. ड्रॉइंगवर पट्टी ठेवून माप घेऊ नका, लिहिलेला आकडाच खरा. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगची नक्कल, काढताना ओढला जातो. रेघेवर विसंबून कोणी पत्रा कापला तर सगळा माल भंगारात. म्हणून मान आकड्याला. नव्वदीत कॉम्प्युटर आले, बोर्ड वजनावर विकले गेले, मी माउस धरायला शिकलो आणि उरलेली वर्षं पार पाडली. वडलांची पेटी कपाटात गेली ती गेलीच.

त्या रात्री मी पुस्तक घेऊन बसलो आणि प्रत्येक चित्र ड्रॉइंग म्हणून वाचायचा प्रयत्न केला. हा प्लॅन असेल का? ही जिन्याची उंची? या तिरक्या म्हणजे सावली? दर वेळी अर्ध्यावर अडायचो. एखादी रेघ कडेसारखी निघायची आणि मध्येच पातळ होऊन विरायची. ज्या वस्तूची ती कड असावी ती वस्तूच नसायची. माझा जीव कासावीस झाला. हत्यारं सगळी ओळखीची, हात तर आमच्यातल्या उत्तमातल्या उत्तम माणसाचा, आणि काम कशाचं ते कळेना.

मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. भाची लायब्ररीतून आणून द्यायची. बडोद्याच्या सवयीनं मी त्यांना नसरीनबेन म्हणतो, तसंच इथंही म्हणेन.

जन्म १९३७, कराचीचा. आई लहानपणीच गेली. पुढे कुटुंब मुंबईला आलं. वडलांचा व्यवसाय बहारीनला, त्यामुळे वाळवंट आणि तिथले सरळसोट रस्ते त्यांच्या डोळ्यांत उतरले. १९५४ ते १९५७ लंडनला सेंट मार्टिन्समध्ये शिक्षण. १९६१ ते १९६३ शिष्यवृत्तीवर पॅरिस. या दोन्हींच्या मध्ये मुंबईतली भुलाभाई इन्स्टिट्यूट, जिथं एकाच आवारात चित्रकार, गाणारे, नाटकवाले काम करायचे. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे तिथं होते, आणि नसरीनबेनचा त्यांच्याशी स्नेह जुळला. सुरुवातीच्या त्यांच्या कामात झाडं, फांद्या, पाण्याचे ओघळ यांची चाहूल आहे, पसरलेली शाई आहे, कुंचला आहे. सत्तरच्या आसपास कुंचला सुटला आणि पट्टी आली. आधी आडव्या-उभ्या जाळ्या, ऐंशीच्या दशकात तिरक्या रेघा, चंद्रकोरीसारखे चाप, आणि भोवती मोकळा कागद.

१९७२ मध्ये त्या बडोद्याला फाइन आर्ट्समध्ये शिकवायला आल्या. १९८८ पर्यंत शिकवत होत्या.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं. मी १९७४ ला कामाला लागलो. म्हणजे चौदा वर्षं आम्ही एकाच गावात तेच काम करत होतो. सायकल काढून मी फॅक्टरीत जायचो आणि वाटेत विद्यापीठाचा घुमट दिसायचा. त्याच गावात, त्याच मे महिन्याच्या उकाड्यात, पेनाच्या टोकावरच शाई वाळायची त्याच दुपारी, कोणी तरी पट्टीला पेन लावून श्वास रोखत होतं. मला याचा पत्ता नव्हता. आमच्या ऑफिसात फाइन आर्ट्सचा विषय निघालाच तर ‘ती चित्रवाली मुलं’ एवढाच निघायचा.

त्यांच्या भोवतीची मंडळीही वेगळ्या वाटेची होती. १९५० मध्ये ही फॅकल्टी सुरू झाली तेव्हा इंदुरात जन्मलेले ना. श्री. बेंद्रे चित्रकलेचे प्रमुख म्हणून आले, आणि नसरीनबेनच्या काळापर्यंत बडोदं माणसांच्या आणि गोष्टींच्या चित्रांसाठी नावारूपाला आलं होतं. गुलाममोहम्मद शेख होते. भूपेन खख्खर होते, जे पोटासाठी एका कारखान्यात हिशेब सांभाळायचे आणि न्हावी, घड्याळजी, शेजारीपाजारी रंगवायचे. या भरल्या घरात एक बाई कागद, पट्टी आणि पेन घेऊन बसलेली, तिच्या चित्रात माणूस नाही, घर नाही, रंगही जवळजवळ नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर जीव लावला हे मला फार मोलाचं वाटतं. वेगळं काम करणाऱ्याला गावानं मोकळं सोडणं, हे प्रत्येक गावाला जमत नाही.

२०१३ मध्ये दिल्लीत, साकेतच्या किरण नाडर संग्रहालयात, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. भाची मैत्रिणींबरोबर निघाली होती, मीही निघालो. माझी बायको म्हणाली, "रेघा बघायला दिल्लीला?" आणि डब्यात दशम्या बांधून दिल्या.

छापील पानावर जे दिसलं नव्हतं ते तिथं दिसलं. शाईच्या शेजारी पेन्सिल होती. पुस्तकात दोन्ही एकाच काळ्या रंगात छापल्या होत्या, इथं शाई कागदावर उभी होती आणि पेन्सिलची रेघ कागदाच्या आत गेल्यासारखी. दोन पावलं मागं सरकलो की रेघा नाहीशा व्हायच्या आणि राखाडी धुकं उरायचं, जवळ गेलो की पुन्हा एकेक सुटी. मी एका चित्रासमोर अर्धा तास उभा राहिलो असेन. मग लक्षात आलं की मी मनातल्या मनात त्यावर पट्टी ठेवतोय. रेघ एक ते रेघ दोन किती, दोन ते तीन किती. आणि ती मापं लिहिलेली नाहीत. इथं ‘डू नॉट स्केल’ नाही. आकडा नाही, म्हणून रेघ जिथं आहे तिथंच तिचं माप. केसभर सरकली असती तर तिला सावरून घ्यायला कागदावर दुसरं काही नव्हतं. सदतीस वर्षं माझ्या प्रत्येक रेघेच्या मागं आकडा उभा होता. या रेघांच्या मागं कोणी नाही.

बाहेर आल्यावर भाचीला म्हणालो, "मला एक असा कागद काढायचा आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "काढ ना. पण नक्कल नको हं, मामा."

नोव्हेंबरात पेटी काढली. कंपासच्या सांध्यांना गंज चढला होता, पण वडलांचं रूलिंग पेन धड होतं. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पोलादी पाती, मध्ये स्क्रू. स्क्रू पिळला की पात्यांमधली फट कमी-जास्त होते, तीच रेघेची जाडी. शाई बाटलीत बुडवून घ्यायची नाही, ड्रॉपरनं दोन पात्यांच्या मध्ये थेंब सोडायचा, आणि पात्यांच्या बाहेरच्या अंगाला शाईचा कणही राहता कामा नये, नाही तर ती पट्टीखाली धावते आणि सगळा कागद जातो. पट्टीची उतरती कड खाली करायची, म्हणजे कागद आणि कड यांच्यात फट राहते. पेन चालण्याच्या दिशेला किंचित कललेलं, पण दोन्ही पाती कागदाला सारखी टेकलेली. रेघ सुरू होताना आणि थांबताना क्षणभर जरी थबकलात तरी टोकाला गाठ येते. म्हणून हात हवेत असतानाच चालू करायचा, विमान उतरतं तसा, आणि चालता चालताच उचलायचा.

पेन मी आधी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर आठ दिवस चालवलं. मग अर्ध्या इम्पीरियलचा, म्हणजे १५ बाय २२ इंचांचा गुळगुळीत जाड कागद आणला. वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. पंखा बंद, कारण वाऱ्यानं टोकावरची शाई वाळते. पावसाळ्यात हे काम करूच नये, कागद ढिला पडतो आणि सकाळी आखलेली खूण संध्याकाळी जागेवर नसते. बडोद्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम.

पहिला कागद सरळ होता. तीन-तीन मिलिमीटरवर आडव्या-उभ्या रेघा, सगळ्या ०.१८ च्या. एकही डाग नाही. आमच्या हेड ड्राफ्ट्समननी पाठ थोपटली असती. भिंतीला लावून लांब गेलो, आणि तो आलेखाचा कागद दिसला. दुकानात मिळतो तो. दुसऱ्या कागदावर शाई धावली.

तिसऱ्यापासून खरी झटापट सुरू झाली. रेघांमधलं अंतर हळूहळू वाढत गेलं पाहिजे, हे मला दिल्लीत कळलं होतं. मी माझ्या रीतीनं हिशेब मांडला. पहिलं अंतर १ मिलिमीटर, पुढचं प्रत्येक ०.०५ नं मोठं. अशी १०० अंतरं घेतली तर शेवटचं ५.९५ होतं आणि सगळ्यांची बेरीज ३४७.५ मिलिमीटर. कागदाची लहान बाजू ३८१. छान बसतं. डिव्हायडरनं एकापुढे एक अंतर मोजत जायचं नाही, हे तर पहिल्या वर्षीच शिकवलेलं. तसं केलं तर प्रत्येक वेळची चूक पुढच्यात मिसळत जाते आणि शंभराव्या रेघेपर्यंत तिचा डोंगर होतो. सगळी मापं एकाच शून्यापासून घ्यायची. मी वहीत १०० ओळींचा तक्ता केला आणि भिंग लावून पोलादी पट्टीवरून पाव मिलिमीटरच्या अंदाजानं खुणा केल्या. रेघा मारायला पाच सकाळी लागल्या.

भाचीनं दारातूनच पाहिलं आणि म्हणाली, "मामा, इथं काहीतरी अडखळतंय." खालच्या दाट भागाकडे बोट.

मी पट्टी घेऊन बसलो. तिचं बरोबर होतं. पाव मिलिमीटरच्या अंदाजामुळे अंतरं १, १, मग एकदम १.२५, पुन्हा १ अशी झाली होती. पुढे जिथं अंतर पाच मिलिमीटर आहे तिथं पावाचा फरक कोणाला दिसत नाही. जिथं अंतरच एक मिलिमीटर आहे तिथं तो चौथा हिस्सा होतो, आणि डोळा गाण्यातला सूर चुकावा तसा तिथं थांबतो. आम्ही ऑफिसात आकड्यानं तपासायचो. ती नजरेनं तपासत होती आणि तिची तपासणी जास्त कडक होती.

यावर उपाय सुचायला तीन दिवस लागले. वडलांच्या तोंडून लहानपणी ऐकलेली पंख्याची रीत आठवली. पहिली तीस अंतरं मिळून होतात ५१.७५ मिलिमीटर. ती पाचपट मोठी करून वेगळ्या कागदावर मांडली, २५८.७५ मिलिमीटर लांब. तिथं पहिलं अंतर पाच मिलिमीटरचं आणि वाढ पाव मिलिमीटरची, म्हणजे भिंगाखाली नीट धरता येणारी. मग त्या सगळ्या खुणा दूरच्या एका बिंदूला जोडल्या, पंख्याच्या काड्या मुठीत येतात तशा. बिंदूपासून खुणांच्या रेघेपर्यंतच्या उंचीच्या एक-पंचमांशावर, खुणांच्या रेघेला समांतर एक रेघ मारली. त्या रेघेवर काड्या जिथं छेदतात तिथं माझी खरी अंतरं, पाचपट बारीक झालेली, आणि मोठ्या मापात झालेली चूकही पाचपट बारीक झालेली. त्या खुणा कागदाच्या पट्टीवर उतरवून घेतल्या. ही कुठल्या पुस्तकातली मोठी गोष्ट नाही, शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं गणित आहे. पण त्या सकाळी ते माझ्या हाताखाली जिवंत झालं, आणि वडील शेजारी उभे असल्यासारखं वाटलं.

तो कागद अडखळत नव्हता. भाचीनं बराच वेळ पाहिला. "आता गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "पण मामा, पहिल्या दहा रेघा बघितल्या की पुढचं सगळं कळतं. त्यांच्यात कळत नाही."

हे मला लागलं, कारण खरं होतं. नियम एकदा ठरवला की माझं काम संपत होतं, उरलेली नुसती मजुरी. नसरीनबेनच्या कागदावर नियम दिसतो, आणि नेमका तुम्ही विसंबलात की एक रेघ अर्ध्यावर थांबते, एखादा पट्टा गळतो, पेन्सिल शाईची जागा घेते, आणि त्या फटीतून उजेड आल्यासारखं होतं. त्यांच्या रोजनिशीची काही पानं पुस्तकात छापली आहेत. त्यात शब्दांपेक्षा पट्टे जास्त. दिवसांच्या ओळींवर शाईच्या रेघा, चौकटी, काळे केलेले तुकडे. आणि फोटो. ते त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात मांडले नाहीत. फत्तेपूर सिक्रीच्या पायऱ्या आणि फरशा, रस्त्यावरचे पट्टे, मागावर ताणलेलं सूत, ओहोटीनंतरची वाळू. ते पाहून मला उमगलं की ही बाई हवेतून रेघा काढत नव्हती. जगाकडे पाहून पाहून त्यातलं काय काय गाळता येईल ते गाळत होती.

दुसऱ्या हिवाळ्यात मी तक्ता बाजूला ठेवला. अंतर डोळ्यानं ठरवायचं, रेघ मारायची, मागं सरकायचं, पाहायचं, मग पुढची. एका सकाळी चार रेघा, कधी दोन. फोर एच, म्हणजे कडक शिशाची पेन्सिल सँडपेपरवर पाचरीसारखी घासून तिच्या रेघा शाईच्या मध्ये घालायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा कागदाला खोली आली. शाई पुढे, पेन्सिल मागं.

याच हिवाळ्यात हात कापायला लागला.

उजवा हात. चहाचा कप उचलताना, कुलपात किल्ली घालताना. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन नाही, काहीतरी करायला गेलं की येणारा हा कंप आहे, चहा-कॉफीनं वाढतो, घाबरायचं कारण नाही. मी घरी येऊन पेटी बंद केली. दोन आठवडे बोर्डाकडे गेलो नाही.

मग पुन्हा पुस्तक उघडलं, या वेळी शेवटच्या वर्षांची पानं. नसरीनबेनना चेतासंस्थेचा आजार होता. ऐंशीच्या दशकात हातापायांवरचा ताबा सुटत गेला. आणि त्याच वर्षांतली चित्रं सगळ्यांत मोकळी, सगळ्यांत तंतोतंत आहेत. कागद बहुतेक रिकामा, त्यात एक-दोन तिरके झोत, एखादा चाप, आणि रेघेला थरथर नाही. मी ती पानं भिंग लावून पाहिली. ज्यानं हे हत्यार धरलंय त्यालाच कळेल की त्या एकेका रेघेसाठी शरीराला काय सोसावं लागलं असेल. शेवटी त्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठच्या घरी होत्या. मे १९९० मध्ये तिथंच गेल्या. वय त्रेपन्नच्या आसपास. त्या वेळी मी सदतीसचा होतो आणि प्रमोशनच्या काळजीत होतो.

हिचं माहेर अलिबागचं. त्या वर्षी मे महिन्यात गेलो तेव्हा मी एकटाच किहीमला जाऊन आलो. ओहोटी होती. पाणी मागं सरताना ओल्या वाळूवर एकामागं एक वळ्या सोडून जात होतं, किनाऱ्याजवळ दाट, समुद्राकडे विरळ, कुठं दोन एकत्र होऊन पुढे एकच. मी उन्हं उतरेपर्यंत बसलो होतो. दर लाटेला आधीचं पुसलं जायचं.

परत आल्यावर कंपाशी जमवून घ्यायला शिकलो. सकाळचा चहा काम झाल्यावर. मनगटानं रेघ मारायची नाही, खांद्यापासून हात चालवायचा. आखूड रेघेत कंप दिसतो, लांब रेघेत पट्टी हाताला सांभाळून नेते. अवघड फक्त टेकण्याचा क्षण. तिथं मी पेन कागदापासून सूतभर वर धरून थांबतो. थरथर येते, वाढते, आणि मग काही क्षण ओसरते. त्या ओसरण्यात पेन टेकवायचं. कधी पाच मिनिटं वाट पाहावी लागते. नोकरीत एका रेघेसाठी मी एवढा कधीच थांबलो नव्हतो, थांबू दिलंही नसतं.

सातवा कागद तिसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१६ मध्ये पुरा झाला. खाली शाईच्या आडव्या रेघा, मध्यावरून उजवीकडे वर जाणारा पेन्सिलचा एक झोत, आणि वरचा अर्धा कागद कोरा. मार्चमध्ये भाचीनं मोबाइलवर बातमी दाखवली. न्यूयॉर्कला मेट ब्रॉयर नावाचं नवं दालन उघडलं, आणि उद्घाटनाच्या प्रदर्शनांत नसरीन मोहमदी होत्या. फोटोत लांब पांढऱ्या भिंती आणि त्यांवर ते लहान लहान कागद. आमच्या बडोद्यात बसून काढलेले. मला भरून आलं आणि ते मी लपवलं नाही.

सातवा कागद मी बोर्डावरून काढण्याआधी हेड ड्राफ्ट्समन तपासायचे तसा तपासला. लाल पेन्सिल कानावर, भिंग हातात, खालून वर. एकसष्टावी रेघ उजव्या टोकाला खाली उतरलेली निघाली. पाव मिलिमीटर असेल, नसेलही. हिला दाखवली, तिला दिसेना. भाचीला दिसली, पण ती म्हणाली, "राहू दे, मामा. मेमध्ये आमचा ॲन्युअल डिस्प्ले आहे, बाजूला लावूया का?" मी नको म्हटलं. ट्रेसिंग पेपर असता तर ब्लेडनं शाई खरवडून नखानं घोटून दुसरी मारली असती, आमचा रोजचा उद्योग होता तो. या कागदावर खरवडलेली जागा चकाकते. आणि आकडा लिहून ती रेघ खरी ठरवायची सोय इथं नाही.

सातवा कागद आता माझ्या खोलीत आहे, पलंगासमोर. तारीख घातलेली नाही. कोपऱ्यात सवयीनं पेन्सिलीनं टायटल ब्लॉकची चौकट मारायला गेलो होतो, पट्टी ठेवलीही होती, मग उचलली.

आठवा कागद काल रात्री ओला करून बोर्डावर ताणून ठेवला आहे. कडांना डिंकाची पट्टी लावली आहे. सकाळपर्यंत वाळून ढोलकीच्या पुडीसारखा होईल.